हिवाळ्यात बदकाची नवी पिल्लं आईसोबत बाहेरच ठेवायची आहेत: खुराडं, तणस, बल्ब, पाणी (नागपूर)

हुडकेश्वर_मळा · ११ डिसेंबर, रात्री ९:१५

उमरेड रोडच्या बाजूला मळा आहे. देशी मादी अंड्यांवर खुडूक बसली आहे, २८ वा दिवस येत्या सोमवारी भरतो. टॉर्च लावून पाहिलं तेव्हा १२ पैकी १० अंडी जिवंत होती. खुराडं ६ फूट बाय ४ फूट, उंची ४ फूट. वर टिनाचा पत्रा, एका बाजूला विटांची भिंत, बाकी तीन बाजूंना जाळी. खाली काळी माती, तिच्यावर धानाचं तूस पसरलंय. पाण्याचं घमेलं मधोमध आहे. त्याच कुंपणात एक नर आणि दोन माद्या आणखी आहेत.

पहाटेचा पारा सध्या १०-११ आहे, पुढच्या आठवड्यात ८ च्या खाली जाईल म्हणतात. पिल्लं घरात ब्रूडरमध्ये (कृत्रिम उबेच्या पेटीत) घ्यायची नाहीत, आईकडेच वाढवायची आहेत. बल्ब किती वॉटचा लावावा? पिल्लं बाहेर केव्हा सोडावी?

तणसवाला · ११ डिसेंबर, रात्री १०:०२

भाऊ, बल्बचं मागून पाहू, पहिले जमीन पाहा. काळी माती पावसाळ्यात प्यायलेलं पाणी डिसेंबरातही धरून असते. वरून कोरडी दिसते. तूस बाजूला सारून तळहात दोन मिनिटं दाबून ठेवा, हाताला गारवा आणि ओल दोन्ही लागेल. पिल्लू चाळीस-पन्नास ग्रॅमचं, पोट जमिनीला टेकलेलं. त्याची ऊब तिथूनच जाते. तुम्ही वरून काहीही लावा, खालची ओल ती खाऊन टाकते.

असं करा. घरट्याच्या भागात, म्हणजे साधारण ३ फूट बाय ३ फूट, विटा आडव्या बसवा आणि सांध्यांत कोरडी वाळू भरा. त्यावर ३ इंच तूस, त्यावर गोणपाट, आणि गोणपाटावर ४ इंच तणस, म्हणजे धानाचा पेंढा. तूस उघडं ठेवू नका. पहिले दोन-तीन दिवस पिल्लं जे दिसेल त्याला चोच मारतात, तूस गिळतात, पोट त्यानंच भरतं आणि दाणा मागत नाहीत. तणस विळ्यानं ६-८ इंचांचं कापून घ्या. लांब काड्या पायात गुंततात, आई उठली की पिल्लू सोबत ओढलं जातं.

तणस यंदाचं असेल तर आधी हुंगून पाहा. कापणीनंतर गंजी ओली लागली असेल तर आतून कुबट वास येतो आणि झटकलं की पांढरी धूळ उडते. असलं तणस अजिबात घालू नका, उन्हात वाळवूनही नाही. वर्तमानपत्रही अंथरू नका. त्यावर पाय घसरतात, आणि नव्या पिल्लाचे पाय एकदा फाकले की सरळ व्हायला त्रास होतो.

रोज सगळं काढून नवं घालायची गरज नाही. ओला झालेला गोळा तेवढा उचलायचा आणि संध्याकाळी वरून एक टोपलं कोरडं तणस टाकायचं.

बेसा_ताई · ११ डिसेंबर, रात्री १०:४०

तणसवाल्यांच्या विटा बरोबर आहेत, पण ती आज खुडूक बसली आहे हे लक्षात घ्या. चार दिवसांवर पिल्लं आली असताना घरटं उचलून विटांवर ठेवलं तर मादी अंडी सोडून उठू शकते. म्हणून विटा घरट्याच्या पुढच्या भागात बसवा, जिथे पिल्लं बाहेर पडून फिरतील. घरट्याखाली आता हात घालू नका. कडेनं तणस सरकवत जाडी वाढवा, ती स्वतः चोचीनं ओढून घेते.

दुसरं, तुमचं खुराडं मोठं आहे. सहा बाय चार आणि चार फूट उंच एवढी हवा एक मादी गरम करणार नाही. त्या खुराड्यात तिच्याभोवती एक छोटं खोकं हवं: १८ इंच लांब, १८ इंच रुंद, १५ इंच उंच, पुढची बाजू उघडी आणि त्या बाजूला खाली ३ इंचांची पट्टी, म्हणजे तणस बाहेर येत नाही आणि पिल्लं पट्टी ओलांडू शकतात. पट्टीच्या बाहेरच्या बाजूला एक वीट टाका, परत आत चढताना पायरी होते. संत्र्याच्या जुन्या लाकडी पेट्यांच्या फळ्या चालतात. फक्त खिळ्यांची टोकं वाकवा आणि फटी बुजवा, पिल्लाचा पाय किंवा मान अडकते.

खोकं एकदम वरून ठेवू नका. उद्या संध्याकाळी अंधार पडताना दोन बाजूच्या फळ्या उभ्या करा, परवा मागची, त्यानंतरच्या दिवशी छत. मादी त्यात शांत राहते.

नर आणि बाकी माद्या सोमवारच्या आधी वेगळ्या करा. नर पिल्लांना तुडवतो, इतर माद्या चोचीनं मानेला धरून आपटतात. आणि त्यांना हुसकावताना आई सारखी उठत राहते, मग पिल्लं उघडी पडतात. हिवाळ्यात हे शेवटचं कारण जास्त महाग पडतं.

हुडकेश्वर_मळा · ११ डिसेंबर, रात्री ११:०५

तिन्ही बाजूंची जाळी ताडपत्रीनं पूर्ण बंद केली तर चालेल का?

बेसा_ताई · १२ डिसेंबर, सकाळी ७:२०

पूर्ण बंद नको. ताडपत्रीतून वाफ बाहेर जात नाही. बदकाची विष्ठा पातळ, त्यात पाण्याची सांडलवंड. रात्रभरात आत दमट होतं आणि अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो. वाकून पिल्लाच्या उंचीवर नाक न्या. तुम्हाला वास आला तर पिल्लांना तो कितीतरी आधीपासून लागतोय.

आपल्याकडे हिवाळ्यातला गार वारा उत्तरेकडून येतो. उत्तर आणि पश्चिम बाजूला दुहेरी गोणपाट जमिनीपासून अडीच फुटांपर्यंत ताणून बांधा, खालची कड मातीनं दाबा. त्याच्या वरची जाळी उघडी राहू द्या. वारा पिल्लांच्या अंगावरून जाता कामा नये, डोक्याच्या वरून गेला तर बिघडत नाही. खोक्याचं तोंड दक्षिणेला किंवा आग्नेयेला ठेवा, म्हणजे सकाळचं ऊन थेट आत येतं.

पत्र्याचं विसरू नका. निरभ्र रात्री टिन आभाळाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही गार होतो, पहाटे त्याच्या खालच्या बाजूला पाणी धरतं आणि थेंब थेंब गळतं. वरून एक बांबूचा तट्टा आणि त्यावर तणसाचा थर टाका, किंवा पत्र्याखाली चार बोटं सोडून गोणपाट ताणा. बरेच लोक पिल्लं रात्री ओली कशी झाली म्हणून पाण्याचं भांडं तपासत बसतात आणि वर पाहतच नाहीत.

कोराडी_वायरमन · १२ डिसेंबर, सकाळी ९:३०

बल्बबद्दल. आधी हे पाहा की तुम्ही बल्ब म्हणताय तो कुठला. एलईडी उजेड देतो, ऊब नाही. ९ वॉटचा एलईडी लावून "पिवळा उजेड आहे म्हणजे गरम आहे" असं समजून लोक झोपतात. ऊब हवी तर जुना तारेचा ६० किंवा १०० वॉटचा बल्ब, नाहीतर सिरॅमिक हीटर. सिरॅमिक बरा, कारण त्याला उजेड नाही आणि रात्र ही रात्रच राहते. २५० वॉटचा इन्फ्रारेड एवढ्याशा लाकडी खोक्यात लावू नका, तणस पेटेल.

बल्ब वायरवर लोंबकळत ठेवायचा नाही. साखळीनं किंवा जाड तारेनं दोन ठिकाणी बांधा, भोवती जाळीचा पिंजरा, तणसापासून किमान दीड फूट वर. खोकं १५ इंचांचं आहे, म्हणजे बल्ब खोक्यात बसणारच नाही, खोक्याच्या तोंडाबाहेर एका कोपऱ्यावर येईल. ते बरंच आहे. एक कोपरा गरम, बाकी जागा थंड, ज्याला हवं ते तिथे जाईल.

वायर सलग टाका. मळ्यात दवात पडलेला उघडा जोड पहाटे भिजतो. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर बल्ब लावू नका, बदकं पाणी उडवतात आणि खाली ओलं असतं. इन्व्हर्टरवर चालवायचं तर ६० वॉट चार तास म्हणजे २४० वॉट-तास, घरच्या १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीला हे जड नाही.

तणसवाला · १२ डिसेंबर, सकाळी १०:१०

मी म्हणतो आई असताना बल्ब लावायचाच कशाला? मादीचं अंग ४१ अंशांच्या आसपास असतं. दहा पिल्लं तिच्याखाली बसतात. बाहेर १० असो की ८, आत ऊब तीच. बल्ब लावला की पिल्लं आईखालून निघून बल्बखाली जमतात, मादीला वाटतं आपली गरज नाही, ती दूर बसते. मग रात्री तीनला लाइन गेली की झालं! बल्ब बंद, आई लांब, पिल्लं ढिगात.

कोराडी_वायरमन · १२ डिसेंबर, सकाळी १०:४५

दहा पिल्लं आणि चांगली मादी असेल तर मान्य. पण १५ पिल्लं असली तर? बाहेरच्या कडेची चार-पाच पिल्लं अर्धी उघडी राहतात आणि आत घुसायला धडपडतात. शिवाय २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपूरचा पारा ३.५ पर्यंत उतरला होता. तोही सोनेगाव वेधशाळेचा आकडा. उघड्या मळ्यात, सखल जागी, त्याहून एखाद-दोन अंश कमीच धरा. अशा रात्रीसाठी सोय करून ठेवायला काय हरकत आहे?

गुरांचा_डॉक्टर · १२ डिसेंबर, दुपारी १:२५

दोघंही एका अर्थानं बरोबर आहेत, फक्त वेळ आणि वय पाहा.

अंड्यातून आल्यावर पिल्लाला स्वतःचं तापमान धरता येत नाही. लव वाळली की ती हवा धरते आणि तेवढंच त्याचं पांघरूण. आईशिवाय वाढवताना पहिल्या आठवड्यात ३२ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी करत न्यायची. आईसोबत हे आकडे अख्ख्या खुराड्यात पाळायची गरज नसते, कारण पिल्लू दर थोड्या वेळानं तिच्याखाली जाऊन गरम होऊन येतं. तेव्हा खोक्याबाहेर किती अंश आहे यापेक्षा पिल्लू कोरडं आहे का आणि आई बसते आहे का, हे दोन प्रश्न पुरेसे आहेत.

तरी एक लांब वायरचा, टोकाला प्रोब (तापमान मोजणारी कांडी) असलेला थर्मामीटर घ्या. प्रोब खोक्याच्या आत, आईपासून वीतभर अंतरावर, पिल्लाच्या उंचीवर. पहाटे ४ ते ७ हा आपल्याकडचा सगळ्यात गार काळ. त्या वेळी तिथे १५ च्या वर असेल आणि पिल्लं शांत असतील तर काहीही लावू नका. १२ च्या खाली जात असेल, किंवा पिल्लं आईच्या कडेला एकमेकांवर चढत असतील, तर मदत द्या.

आवाज ओळखा. समाधानी पिल्लांची बारीक कुजबुज चालते. गारठलेली तारस्वरात, न थांबता ओरडतात. फार गारठलेलं पिल्लू ओरडतच नाही, म्हणून रात्री शांतता आहे यावर विसंबू नका. उलट चोच उघडी, पंख अंगापासून बाजूला आणि आईपासून पसरून बसलेली पिल्लं म्हणजे गरम होतंय.

आणि एक. सोमवारी २८ वा दिवस म्हणजे सगळी सोमवारी निघतील असं नाही. पहिलं आणि शेवटचं पिल्लू यांत २४ ते ४८ तास जाऊ शकतात. आधी निघालेली आईखालीच राहू द्या. पोटातल्या बलकावर पहिला दीड-दोन दिवस निघतो, त्यांना दाणा-पाणी द्यायची घाई नको. टोपल्यात काढून ऊन दाखवायला नेणं तर मुळीच नको. लव पूर्ण वाळायला काही तास लागतात, त्या वेळात दोन मिनिटांचा वारासुद्धा पुरतो. आई स्वतः घरट्यावरून उतरून पिल्लांना बोलावते, तोवर थांबा.

हुडकेश्वर_मळा · १२ डिसेंबर, दुपारी २:००

मग पहाटे मदत द्यायची तर बल्बशिवाय काय? शेगडीत निखारे ठेवले तर?

गुरांचा_डॉक्टर · १२ डिसेंबर, दुपारी २:१०

शेगडी अजिबात नाही. आडोसा केलेल्या जागेत निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. पिल्लं आणि आई दोन्ही जातील, आणि तुम्हाला वाटेल थंडीनं गेली.

कोराडी_वायरमन · १२ डिसेंबर, दुपारी २:५०

गरम पाण्याच्या बाटल्या. हिशोब सांगतो. दोन लिटर पाणी ६० अंशांवरून ३५ वर येताना साधारण ५८ वॉट-तास उष्णता सोडतं, म्हणजे ६० वॉटचा बल्ब तासभर जळाला तेवढी. गोणपाटात दोन घड्या गुंडाळली की तीच ऊब तीन-चार तासांत सावकाश निघते. अशा दोन बाटल्या रात्री साडेतीन-चारला खोक्याच्या मागच्या भिंतीला लावून ठेवल्या की सात वाजेपर्यंतचं काम होतं.

कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिक बाटलीत उकळतं पाणी ओतू नका, बाटली आखडते आणि झाकण गळतं. ६० अंश म्हणजे बोट घातलं तर लगेच काढावं लागेल इतपत. स्टीलची किंवा रबरी पिशवी असेल तर उत्तम. भरल्यावर उलटी करून झाकण तपासा. गळकी बाटली ही थंड बाटलीपेक्षा वाईट. आणि थंड झालेली बाटली सकाळी काढून घ्या, नाहीतर तीच ऊब शोषायला लागते.

मी बल्बवाला असूनही तुमच्या दहा पिल्लांसाठी बाटल्याच सांगीन. बल्बची वायर ओढून ठेवा, पारा ६ च्या खाली जाणार असं कळलं तर लावा.

बेसा_ताई · १२ डिसेंबर, दुपारी ४:३०

आता पाणी. मधोमध घमेलं ठेवलंय ते आजच काढा. घमेल्याची कड गुळगुळीत आणि तिरकी, पिल्लू आत पडलं की बाहेर येता येत नाही. थंड पाण्यात काही मिनिटांत सुन्न होतं. हिवाळ्यात मेलेली पिल्लं बहुतेक वेळा बुडालेली नसतात, गारठलेली असतात.

मातीचा पसरट परळ घ्या, त्यात लिंबाएवढे गोटे भरा आणि गोट्यांच्या मधून पाणी दिसेल एवढंच भरा. पिल्लाची चोच नाकपुड्यांपर्यंत बुडाली पाहिजे, कारण ती पाण्यात बुडवूनच नाक-डोळे साफ करतात, पण पोट भिजता कामा नये. म्हणजे दोन सेंटिमीटरच्या आसपास. परळ खोक्यापासून जास्तीत जास्त लांबच्या कोपऱ्यात. खाली एक फूट खोल खड्डा, त्यात खडी, वर अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी, जाळीवर परळ. सांडलेलं पाणी खडीत जातं, पिल्लं चिखलात उभी राहत नाहीत.

आईला मात्र डोकं बुडेल एवढं पाणी लागतं. तिच्यासाठी वेगळं उभं भांडं, कड ८-९ इंच, म्हणजे तिची मान पोचते आणि पिल्लं पोचत नाहीत.

रात्री पाणी काढून घ्यायचं असेल तर दाणाही काढा. बदकाचं पिल्लू कोरडा दाणा पाण्याशिवाय खाऊ लागलं तर घशात अडकतो. सकाळी पहिलं पाणी कोमट द्या.

मिहान_कडचा · १२ डिसेंबर, सायंकाळी ६:०५

थोडं विषयांतर. आमच्याकडे खाकी कॅम्पबेल जातीची बदकं आहेत, त्या खुडूक बसतच नाहीत म्हणून अंडी देशी कोंबडीखाली ठेवतात. तेव्हा उबेचं गणित बदलतं का?

तणसवाला · १२ डिसेंबर, सायंकाळी ७:१५

बदलतं. खाकी कॅम्पबेल क्वचितच बसते, हे जातीचंच आहे. कोंबडीखाली बदकाची ६ ते ८ अंडी, जास्त नको. तिला २१ दिवसांची सवय. २८ दिवस बसवायचं तर ती नुकतीच खुडूक झालेली हवी, आधीच दोन आठवडे रिकाम्या घरट्यावर बसलेली नको. मस्कोव्ही बदकाची अंडी तर ३३ ते ३५ दिवस घेतात, ती कोंबडीखाली न ठेवलेली बरी.

पिल्लं निघाल्यावर खरी अडचण ओलीची. बदकाचं पिल्लू परळात लोळून येतं आणि तसंच कोंबडीखाली घुसतं. कोंबडीची पिसं पाणी धरतात, तिचं पोटच गार होऊन राहतं. म्हणून कोंबडी आई असेल तर पहिला आठवडा परळात लोळायला जागाच ठेवू नका, चोच बुडेल एवढंच तोंड उघडं ठेवा, आणि दुपारी साडेतीननंतर पाणी उडवायची संधी देऊ नका. संध्याकाळी आत जाताना सगळी कोरडी हवीत.

गुरांचा_डॉक्टर · १२ डिसेंबर, रात्री ८:४०

खाण्याचं सांगतो, कारण उपाशी पिल्लू ऊब धरत नाही आणि उपाशी आई बसत नाही. अंड्यांवर बसलेल्या मादीचं वजन उतरलेलं असतं. दाणा लांब ठेवला तर ती खायला जाते आणि अर्धा तास येत नाही. तिचं भांडं खोक्यापासून तीन-चार फुटांवर ठेवा.

दोघांनाही एकच खाद्य द्या: २० ते २२ टक्के प्रथिनांचं स्टार्टर क्रम्बल, म्हणजे लहान पिल्लांचं भरड दाणेदार खाद्य. अंड्यावरच्या पक्ष्यांचं लेयर खाद्य खुराड्यात ठेवूच नका. त्यात कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के असतं, पिल्लांना एक टक्क्याच्या आसपास पुरतं, जास्तीचा भार मूत्रपिंडावर येतो. आई आता अंडी देत नाही, तिला स्टार्टर चालतं. पिठासारखं खाद्य असेल तर थोडं ओलसर करून द्या, चोचीला चिकटत नाही. ओलं केलेलं चार-पाच तासांत उचला.

कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर घेणार असाल तर नियासिन (एक ब जीवनसत्त्व) कमी पडतं. बदकाच्या पिल्लाला किलो खाद्यामागे ५५ मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. कमी पडलं तर गुडघ्याखालचा सांधा सुजतो, पाय धनुष्यासारखे वाकतात, पिल्लू बसून राहतं आणि आईमागे जाऊ शकत नाही. मग थंडी त्यालाच आधी लागते. किलोभर खाद्यात ५०-६० ग्रॅम ब्रूअर्स यीस्ट (मृत यीस्टची पूड) मिसळा. बेकरीचं जिवंत यीस्ट घालायचं नाही. पाकिटावर कॉक्सिडिओस्टॅट (आतड्यातल्या कॉक्सिडिया परजीवीवरचं औषध) लिहिलेलं असेल तर ते कोणतं आहे हे दुकानदाराला नाही, पशुवैद्यकाला विचारा. कोंबडीसाठी ठरलेली काही औषधं बदकांना चालत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेंगदाण्याची पेंड आणि मका. बुरशी आलेल्या पेंडीत अफ्लाटॉक्सिन असतं आणि बदकाचं पिल्लू त्याला कोंबडीच्या पिल्लापेक्षा कितीतरी जास्त बळी पडतं. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्कीची पिल्लं हजारोंनी मेली तेव्हा ब्राझीलमधून आलेल्या शेंगदाणा पेंडीतून हे विष प्रथम ओळखलं गेलं, आणि पुढे त्याची चाचणी एक दिवसाच्या बदकपिल्लांवरच घेत असत, इतकं ते संवेदनशील. घरची पेंड, गोदामातला भरडा, पोत्याच्या तळचा मका, यातलं काहीही पिल्लांना नको. बुरशी डोळ्यांना दिसली नाही तरी विष असू शकतं, आणि शिजवून ते जात नाही.

कुबट तणसाचं वर तणसवाल्यांनी लिहिलंच आहे. त्यातल्या ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू फुप्फुसात जातात. पिल्लू चोच उघडून मान ताणून श्वास घेतं, आवाज मात्र येत नाही. लोक सर्दी समजून बल्ब वाढवतात, उपयोग होत नाही.

हुडकेश्वर_मळा · १३ डिसेंबर, सकाळी ८:००

गोणपाट बांधलं, पत्र्यावर तट्टा टाकला, बाजूच्या फळ्या लावल्या. मादी जागची हलली नाही. घमेलं काढलं. एखादं पिल्लू गारठलेलं सापडलं तर काय करायचं?

गुरांचा_डॉक्टर · १३ डिसेंबर, सकाळी ९:१०

आधी कोरडं करा. सुती फडक्यानं टिपा, चोळू नका. मग शर्टाच्या आत अंगाशी धरा, किंवा खोक्यात कोमट बाटलीशेजारी फडक्यात गुंडाळून ठेवा, ३५ अंशांपर्यंत. गरम पाण्यात बुडवू नका, हेअर ड्रायर तोंडावर मारू नका. अर्धा ते एक तास लागतो. मान उचलून ओरडायला लागलं की मगच पाणी: पाव लिटर कोमट पाण्यात एक चमचा ग्लुकोज, चोचीच्या कडेला एकेक थेंब. सुन्न पिल्लाच्या घशात काही ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं.

सावरल्यावर दिवसा आईसमोर सोडू नका, रात्री अंधारात हळूच तिच्याखाली सरकवा. अंगाला परका वास किंवा ओल नसेल तर घेते. एकट्यानं घरात दोन दिवस ठेवलं तर परत घेण्याची शक्यता कमी होत जाते.

एकापाठोपाठ दोन-तीन मेली तर थंडीवर खापर फोडू नका. ताजं मेलेलं पिल्लू पिशवीत घालून बर्फावर ठेवून (गोठवून नाही) सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदनासाठी न्या.

मिहान_कडचा · १३ डिसेंबर, दुपारी १२:३०

जाळीबद्दल कोणी बोललं नाही. षटकोनी कोंबडीजाळी मुंगूस वाकवतं आणि एक इंचाच्या छिद्रातून नवं पिल्लू स्वतःच बाहेर जातं. खालचे दोन फूट अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा आणि तीच बाहेरच्या बाजूला एक फूट आडवी जमिनीत पुरा, घूस उकरत येते ती तिथे अडते. दिवसा कावळे आणि घारी, त्यामुळे बाहेरच्या फिरण्याच्या जागेवरही जाळं हवं.

बेसा_ताई · १३ डिसेंबर, दुपारी ३:१५

बाहेर सोडण्याचा प्रश्न राहिलाच होता. घाई करू नका. जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य पावणेसातच्या पुढे-मागे उगवतो, पण गवतावरचं दव साडेआठ-नवापर्यंत राहतं. पिल्लाचं पोट गवताच्या उंचीलाच असतं, दहा पावलांत ओलं होतं. पायाला गवत कोरडं लागलं की दार उघडा. आई सकाळीच दारावर धडका मारेल, मारू द्या. पहिले चार दिवस खुराड्यालगत उन्हातली ६ बाय ६ फुटांची कोरडी जागा पुरे. मोकळं सोडलं तर मादी पिल्लांना लांब नेते, आणि मागे राहिलेलं पिल्लू गारठतं. संध्याकाळी साडेचारलाच आत घ्या, सूर्य टेकल्यावर नाही.

पावसाळ्यात वाढवणाऱ्यांना एक सांगते. जुलैत पारा २४ असतो म्हणून लोक निर्धास्त असतात, पण झडीच्या दिवसांत ओल्या पिल्लाला तीच २४ अंशांची हवा जिवावर बेतते. डिसेंबरातलं कोरडं ऊन त्यापेक्षा सोपं.

तणसवाला · १३ डिसेंबर, सायंकाळी ५:४०

एक गोष्ट सगळे विसरतात, ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्याची. पहिल्या आठवड्यात सगळी आईखाली मावतात, लोक जपतात. बाराव्या-पंधराव्या दिवशी पिल्लं दुप्पट-तिप्पट होतात, डोकं तेवढं तिच्याखाली आणि बूड बाहेर. पिसं अजून आलेली नसतात. पोटाची आणि खांद्याची आधी येतात, पाठीची सगळ्यात शेवटी. तुमची पिल्लं सोमवारी निघाली तर हे दिवस बरोबर डिसेंबरच्या शेवटी पडतात, आणि थंडीची लाट तेव्हाच येते. तेव्हा खोकं काढून टाकू नका. १८ इंचांऐवजी अडीच फूट रुंद करा, उंची तीच ठेवा, तणस सहा इंच करा, आणि छतावर पोतं टाका. पिल्लं एकमेकांना चिकटून बसतात, छत खाली असलं की त्यांचीच ऊब तिथे राहते. पाठीवर पिसं बंद झाली, साधारण सहा-सात आठवडे, की मग गोणपाट उतरवा.

हुडकेश्वर_मळा · १३ डिसेंबर, रात्री ९:२०

आणि पोहायला? मळ्यात शेततळं आहे, आई त्याकडे नेणारच.

बेसा_ताई · १३ डिसेंबर, रात्री ९:५५

शेततळ्याला प्लॅस्टिक अस्तर असेल तर पिल्लांना त्या बाजूला जाऊच देऊ नका, उतारावर पाय टिकत नाहीत. शिवाय हिवाळ्यात पाहुणी रानबदकं उघड्या पाण्यावर उतरतात, त्यांचा रोगही पाण्यासोबत येतो. तिसऱ्या आठवड्यानंतर, ऊन असेल त्या दिवशी, दुपारी १२ ते २ मध्ये, चार इंच पाण्याचं पसरट टब. आत-बाहेर दोन्हीकडे विटांची पायरी, विटांवर गोणपाट. दहा-पंधरा मिनिटांनी पाणी ओतून टाका, नाहीतर ती निघत नाहीत. टबाशेजारी उन्हात तणस पसरून ठेवा, बाहेर येऊन आईसोबत तिथेच पिसं साफ करत बसतात. ढग असले तर त्या दिवशी टब नाही.